गिरणीच्या मोटरवरची पाटी

दहावीच्या विज्ञानात विद्युत चलित्राची जी आकृती असते ती आपण सर्वांनी फळ्यावर कितीतरी वेळा काढली आहे. दोन बाजूंना चुंबकाचे ध्रुव, मध्ये तांब्याच्या तारेचे आयताकृती कुंडल, त्याच्या टोकांना दुभंगलेले कडे आणि त्या कड्याला टेकलेले कार्बनचे ब्रश. आकृती सुबक आहे, परीक्षेत हमखास गुण देणारी आहे आणि तिच्यातले तत्त्वही बिनचूक आहे. पण एखाद्या चौकस मुलाने गावातल्या पिठाच्या गिरणीत जाऊन विचारले, "काका, तुमच्या मोटरचे ब्रश कुठे आहेत?" तर उत्तर मिळेल, "ब्रश? या मोटरला ब्रश नसतात." तिच्यात लोहचुंबकही नसतो. आणि सर्वांत आश्चर्याची गोष्ट म्हणजे, जो भाग फिरतो त्याच्याकडे बाहेरून एकही तार गेलेली नसते!

मग ती फिरते कशी? हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. गिरणी, मसाल्याचा डंख, उसाचा चरक, विहिरीवरचा पंप, या सर्वांना बहुधा याच जातीची मोटर जोडलेली असते. ती जळाली की वायंडिंग भरून घेण्याचा खर्च येतो, आणि ऐन उन्हाळ्यात जळाली तर उभ्या पिकाचे पाणी तुटते. "व्होल्टेज कमी होते म्हणून मोटर जळाली" हे वाक्य खेड्यात सर्रास ऐकू येते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला खरे तर ते कोड्यासारखे वाटायला हवे. तारेच्या बल्बला कमी दाब दिला तर तो मंद होतो, जळत नाही. मग मोटरच का जळावी? या कोड्याचे उत्तर मोटरच्या अंगावर ठोकलेल्या धातूच्या छोट्या पाटीवरच आहे. आज आपण ती पाटी वाचू.

पाटीवरचे आकडे

समजा पाटीवर असे लिहिले आहे : ५ अश्वशक्ती, ३ फेज, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्‌झ, ७.५ अँपिअर, मिनिटाला १४४० फेरे.

यांतला ५० हा आकडा कारखानदाराने ठरवलेला नाही, तो देशाने ठरवलेला आहे. आपल्याकडची वीज प्रत्यावर्ती आहे, म्हणजे तारेतल्या प्रवाहाची दिशा सतत पालटते. एक पूर्ण आवर्तन, म्हणजे पुढे जाऊन मागे येणे, सेकंदाला ५० वेळा घडते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेकडचे जाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याशी जोडले गेले. तेव्हापासून या जाळ्याला जोडलेली सर्व मोठी जनित्रे एकाच तालात फिरतात.

४१५ चा आकडा तीन फेजमधून येतो. गिरणीला तीन जिवंत तारा येतात. त्यांपैकी कोणतीही एक तार आणि न्यूट्रल यांच्यातला दाब २४० व्होल्ट असतो. कोणत्याही दोन जिवंत तारांमधला दाब त्याच्या दुप्पट, म्हणजे ४८० असावा असे वाटते, पण तो ४१५ असतो. कारण तिन्ही तारांमधले आवर्तन एकाच वेळी होत नाही. पहिल्या तारेतला दाब शिगेला पोहोचला की त्यानंतर सेकंदाच्या १५० व्या भागाने दुसरीतला पोहोचतो आणि तितक्याच अवधीने तिसरीतला. एका आवर्तनाचे हे तीन समान भाग. कोनाच्या भाषेत त्यांच्यात १२० अंशांचे अंतर आहे, आणि म्हणून २४० ला २ ने नव्हे तर ३ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.७३२ ने गुणावे लागते. (अलीकडच्या मानकानुसार हेच आकडे २३० आणि ४०० असे लिहितात. गुणोत्तर तेच.)

फेऱ्यांचा आकडा मात्र चमत्कारिक आहे. ५० शी १५०० चे किंवा ३००० चे नाते लागेल. १४४० कुठून आले?

चुंबक न हलता चुंबकत्व फिरते

मोटरचा बाहेरचा, न हलणारा भाग म्हणजे स्टेटर. त्याच्या आतल्या बाजूला खाचा असतात आणि त्यांत तांब्याच्या तारेची तीन वायंडिंग बसवलेली असतात. सर्वांत सोप्या मांडणीत ती एकमेकांपासून १२० अंशांवर असतात. प्रत्येक वायंडिंगला एक फेज.

एकाच वायंडिंगमध्ये प्रत्यावर्ती प्रवाह सोडला तर काय होईल? चुंबकत्व एका रेषेत वाढेल, कमी होईल, उलटेल. ते पुढेमागे होईल, पण फिरणार नाही. तीन वायंडिंगमध्ये क्रमाने प्रवाह सोडला की चित्र पालटते. फळ्यावर एका बिंदूतून ०, १२० आणि २४० अंशांवर तीन बाण काढा आणि त्यांना क, ख, ग अशी नावे द्या. ज्या क्षणी क मधला प्रवाह पूर्ण, म्हणजे १ आहे, त्या क्षणी ख आणि ग मधले प्रवाह उणे अर्धा असतात. तिन्हींची सदिश बेरीज करा. उत्तर येते दीड, आणि दिशा क ची. सेकंदाच्या ३०० व्या भागानंतर क आणि ख प्रत्येकी अधिक अर्धा असतात आणि ग उणे १. पुन्हा बेरीज करा. उत्तर पुन्हा दीडच, पण दिशा आता ६० अंश, म्हणजे क आणि ख यांच्या बरोबर मध्ये. आणखी तितकाच वेळ जाऊ द्या, दिशा ख ची होते.

म्हणजे चुंबकत्वाची तीव्रता कायम आहे आणि तिची दिशा घड्याळाच्या काट्यासारखी फिरते आहे. जागचे काहीही हललेले नाही, तरी आत जणू एक अदृश्य चुंबक गरगर फिरतो आहे. ही किमया इटलीतील तुरिन येथे गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ मध्ये करून दाखवली. निकोला टेस्ला यांनीही ती स्वतंत्रपणे शोधली आणि १८८८ साली अमेरिकेत त्यांना तिची पेटंटे मिळाली. या दोघांनी दोन फेज वापरल्या होत्या. तीन फेजची आणि आजच्यासारख्या घडणीची मोटर १८८९ मध्ये मिखाईल डोलिवो-डोब्रोवोल्स्की यांनी बनवली. १८९१ साली जर्मनीत लाउफेनहून फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनापर्यंत १७५ किलोमीटर तीन फेजची वीज नेण्यात आली, तेव्हा तिने दिवे तर लावलेच, पण सुमारे १०० अश्वशक्तीची एक मोटर चालवून पंपाने पाणी चढवले आणि त्याचा कृत्रिम धबधबा केला. तीन फेजची मोटर आणि पंप यांची सोबत अशी पहिल्यापासूनची आहे.

एका आवर्तनात हा अदृश्य चुंबक एक फेरा घेतो. सेकंदाला ५०, म्हणजे मिनिटाला ३००० फेरे. वायंडिंग अशी गुंफली की ध्रुवांची एक जोडी न होता दोन जोड्या तयार होतात, तर एका आवर्तनात अर्धाच फेरा होतो. म्हणजे मिनिटाला १५००. आपल्या पाटीवरची मोटर या जातीची, चार ध्रुवांची आहे. कोणत्याही दोन फेजच्या तारांची अदलाबदल केली की क-ख-ग हा क्रम क-ग-ख असा होतो आणि चुंबकत्व उलटे फिरू लागते. लाइनची दुरुस्ती झाल्यावर एखादेवेळी पंप उलटा फिरतो तो याचमुळे. दोन तारा बदलल्या की तो सुलट होतो.

ओढले जाणारे ॲल्युमिनियम

आता आतला, फिरणारा भाग, म्हणजे रोटर. त्याच्या लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यात ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या बसवलेल्या असतात आणि दोन्ही टोकांना त्या कड्यांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. गाभा काढून घेतला तर उरेल तो एक पिंजरा. त्याला वीज कुठून मिळते?

याचे उत्तर वर्गात दाखवता येते. ॲल्युमिनियमच्या कागदाची एक गोल उथळ वाटी करा आणि ती पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या टबात तरंगू द्या. लाकडी पट्टीच्या दोन टोकांना खालच्या बाजूने दोन जोरदार चुंबक चिकटवा. एकाचा उत्तर ध्रुव खाली, दुसऱ्याचा दक्षिण ध्रुव खाली. पट्टी मध्यावर दोऱ्याने टांगा. प्रथम मुलांना दाखवा की चुंबक ॲल्युमिनियमला ओढत नाही. मग वाटी आणि चुंबक यांच्यामध्ये एक पुठ्ठा धरा, म्हणजे वाऱ्याने फिरली अशी शंका उरणार नाही. आता दोऱ्याला पीळ देऊन पट्टी वाटीच्या अगदी जवळ, भरभर फिरू द्या. थोड्या वेळाने वाटी त्याच दिशेने हळूहळू फिरू लागते. पट्टीऐवजी जुन्या स्पीकरचा एकच कडेचुंबक त्याच्या आसाभोवती फिरवला तर मात्र वाटी हलत नाही. का, ते मुलांना शोधू द्या. (कडे फिरले तरी वाटीच्या जागी चुंबकत्व बदलते का?)

तांब्याच्या तबकडीवर असा परिणाम फ्रान्समध्ये आरागो यांनी १८२४ च्या सुमारास पाहिला होता, पण त्याचे कारण सांगता आले ते १८३१ साली मायकेल फॅरेडे यांना. चुंबकत्व धातूवरून सरकले की धातूत विद्युतधारा प्रवर्तित होते. ही धारा स्वतःचे चुंबकत्व निर्माण करते आणि ते ज्या बदलामुळे जन्मले त्यालाच विरोध करते. बदल काय आहे? चुंबक पुढे निघून जातो आहे. विरोध कसा करायचा? त्याच्यामागून धावून. गिरणीची मोटर हीच. बाहेरचे चुंबकत्व पळते आणि पिंजरा त्याचा पाठलाग करतो.

साठ फेऱ्यांची पिछाडी

पण पाठलाग करणाऱ्याने गाठले तर? रोटरही मिनिटाला १५०० फेरे घेऊ लागला तर पट्ट्यांच्या दृष्टीने चुंबकत्व स्थिर होईल. बदल नाही म्हणून धारा नाही, धारा नाही म्हणून जोर नाही. म्हणजे रोटरने मागे राहणे हा त्याचा दोष नाही, ती त्याची उपजीविका आहे! १५०० आणि १४४० यांच्यातले ६० फेऱ्यांचे अंतर म्हणजे घसरण. इथे ती शेकडा ४ आहे.

ही घसरणच मोटरची सूत्रधार आहे. जात्यात धान्य नसेल तर रोटर जवळजवळ १५०० फेरे घेतो. धान्य पडले की तो किंचित मंदावतो, घसरण वाढते, पट्ट्यांमधली धारा वाढते आणि जोर वाढतो. जितके काम तितका जोर, तोही कोणी कळ न फिरवता.

याची किंमतही घसरणच ठरवते. स्टेटरकडून रोटरकडे जेवढी शक्ती जाते तिचा घसरणीइतका हिस्सा रोटरमध्ये उष्णता होऊन जातो. घसरण शेकडा ४ असेल तर शंभरातले चार. मोटर सुरू होण्याच्या क्षणी रोटर थांबलेला असतो, म्हणजे घसरण शेकडा १००. तेव्हा मोटर नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह घेते. दोनचार सेकंद हे चालते. जाम झालेली मोटर मात्र तशीच घुमत राहिली तर काही वेळातच वायंडिंगचा वास येऊ लागतो.

दाब कमी, ताप जास्त

आता कोडे सोडवू. बल्बला कोणी काम नेमून दिलेले नसते. मिळेल त्यात तो भागवतो. मोटरच्या गळ्यात मात्र काम बांधलेले असते. पाणी तेवढेच उंच चढवायचे असते, दाणे तेवढेच भरडायचे असतात. दाब घटला तरी काम घटत नाही.

समजा दाब ४१५ वरून ३३२ व्होल्टवर आला, म्हणजे शेकडा २० ने घटला. त्याच घसरणीला मोटरचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ०.८ चा वर्ग ०.६४, म्हणजे जोर जवळजवळ दोन तृतीयांशावर आला. तो पुरत नाही, म्हणून रोटर आणखी मागे पडतो. जोर पूर्ववत होण्यासाठी घसरण ४ ला ०.६४ ने भागून सुमारे ६.२५ व्हावी लागते. फेरे १४४० वरून साधारण १४०६ झाले. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळणारही नाही. पण रोटरमधली धारा सव्वापट झाली आणि उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती दीडपटीहून जास्त झाली. त्याबरोबर स्टेटरच्या तारांमधला प्रवाहही वाढतो. मोटर फिरते आहे, पाणी येते आहे, सारे ठीक दिसते आहे, आणि आत तारांवरचे इन्सुलेशन हळूहळू करपते आहे. दाब फारच खाली गेला तर घसरण कितीही वाढून जोर पुरत नाही, मोटर थांबते आणि मग पाचसात पट प्रवाह घेत जळते.

एक फेज गेली तर

याहून घातक प्रसंग म्हणजे एक फेज जाणे. डीपीवरचा एक फ्यूज उडतो, उरलेल्या दोन तारा जिवंत राहतात. या दोन तारांमध्ये एकच आवर्तन असते, म्हणून चुंबकत्व फिरत नाही, फक्त पुढेमागे होते. थांबलेली मोटर अशा वेळी सुरू होत नाही, नुसती घुमते. पण आधीच फिरत असलेली मोटर फिरतच राहते! कारण पुढेमागे होणारे चुंबकत्व म्हणजे उलटसुलट फिरणाऱ्या दोन चुंबकत्वांची बेरीज असते आणि फिरता रोटर त्यांतल्या आपल्या दिशेच्या चुंबकत्वाच्या मागे लागतो. कंडेन्सर गेलेला पंखा हाताने ढकलला तर ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला फिरू लागतो, तेही याच कारणाने. (अर्थात हा प्रयोग मुलांनी करायचा नाही.)

मात्र तीन तारांचे काम आता दोन तारांवर आले. काम तेवढेच असेल तर त्यांच्यातला प्रवाह सुमारे १.७३ पट होतो, आणि तारेतली उष्णता जवळजवळ तिप्पट. म्हणूनच स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो आणि एक फेज जाताच मोटर बंद करणारे सिंगल फेज प्रिव्हेंटर बाजारात मिळते. रिले वारंवार पडतो म्हणून तो बांधून ठेवणे किंवा फ्यूजमध्ये जाड तार घालणे म्हणजे घरात धूर झाला म्हणून नाकाला बोळे लावण्यासारखे आहे. दोन फेजवर कंडेन्सर लावून पंप चालवण्याची युक्ती पुष्कळ ठिकाणी करतात. तिने चुंबकत्व कसेबसे फिरते, पण तिन्ही वायंडिंगमधला तोल साधत नाही आणि मोटर तापतेच.

उसनी वीज

एक आकडा तपासायचा राहिला. ४१५ व्होल्ट, ७.५ अँपिअर आणि तीन फेजसाठी १.७३२, यांचा गुणाकार येतो सुमारे ५,३९०. पण ५ अश्वशक्ती म्हणजे ५ गुणिले ७४६, फक्त ३,७३० वॉट. उरलेले कुठे गेले?

काही भाग उष्णतेत गेला. मोटर प्रत्यक्षात साधारण ४,४२० वॉट घेते आणि त्यांतले सुमारे ७०० वॉट तापण्यात जातात. तरीही ४,४२० आणि ५,३९० यांत अंतर आहेच. त्यांचे गुणोत्तर ०.८२, यालाच पॉवर फॅक्टर म्हणतात. मोटरला चुंबकत्व उभे करायला ऊर्जा लागते, आणि चुंबकत्व ओसरताना ती ऊर्जा परत लाइनवर जाते. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणायची आणि लगेच परत करायची, असा हा व्यवहार आहे. हिशेबात साखर शून्य, पण येरझाऱ्यांनी पाय दुखायचे ते दुखतातच. उसन्या ऊर्जेच्या या येरझाऱ्यांमुळे तारांमधला प्रवाह वाढतो, तारा तापतात आणि वाटेत दाब पडतो. एका डीपीवर अशा पंधरावीस मोटरा असतील तर टोकाच्या शेतकऱ्याकडे ४१५ ऐवजी ३३२ का येतात, याचे एक कारण इथे सापडते.

उपाय सोपा आहे. मोटरला समांतर कपॅसिटर जोडायचा. मोटर ज्या क्षणी ऊर्जा मागते त्या क्षणी कपॅसिटर ती सोडतो आणि मोटर परत देते तेव्हा साठवून घेतो. उसनवारी दारातल्या दारात भागते. पॉवर फॅक्टर ०.९८ झाला तर लाइनवरचा प्रवाह ७.५ वरून सुमारे ६.३ अँपिअरवर येतो आणि लाइनमधली उष्णता शेकडा ३० ने कमी होते. मोटरच्या स्वतःच्या वायंडिंगमधला प्रवाह मात्र यामुळे थेट कमी होत नाही; फायदा आहे तो लाइनला, म्हणजे त्या लाइनवरच्या सर्वांना. एकट्याने लावलेल्या कपॅसिटरचा परिणाम थोडा असतो, पण सगळ्यांनी लावले तर टोकाच्या मोटरचाही दाब सावरतो.

वर्गासाठी

गिरणी किंवा पंपाची मोटर बंद असताना, मालकाच्या परवानगीने आणि कशालाही हात न लावता, विद्यार्थ्यांना पाटीवरचे आकडे उतरवून आणायला सांगावे. मग पुढील प्रश्न द्यावेत.

१. एका पंपावर २८८० फेरे लिहिले आहेत. त्याच्यात ध्रुवांच्या किती जोड्या असतील? घसरण शेकडा किती?

२. १४४० फेऱ्यांच्या मोटरमध्ये रोटरच्या पट्ट्यांमधली धारा सेकंदाला किती आवर्तने करते? (५० नव्हे!)

३. घसरण शेकडा ४ असताना रोटरमध्ये १६० वॉट उष्णता होते. कामाचा जोर तोच राहून दाब शेकडा १० ने घटला तर ती साधारण किती होईल?

४. तुमच्या गावात गेल्या वर्षी किती मोटरा जळाल्या? मोटरा भरून देणाऱ्या कारागिराला विचारा : तिन्ही वायंडिंग सारखी करपलेली मोटर आणि त्यांतला काहीच भाग करपलेली मोटर, यांच्यात तो काय फरक करतो? त्याचे उत्तर वर्गात आणा आणि या लेखातल्या कारणांशी ताडून पाहा.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही. ते त्या कारागिराच्या अनुभवात आहे, आणि त्याच्या अनुभवामागचे कारण आपल्या विद्यार्थ्यांजवळ आहे. दोन्ही एकत्र आली तर पुढच्या उन्हाळ्यात गावातली एखादी मोटर तरी वाचेल.